नाव वाढली

आधी माफी मागतो. मी लिहावं असं माझ्यात काही नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि आजवर स्वतःच्या मनाने लिहिलेलं म्हणजे रजेचे अर्ज. त्यातही 'वरील विषयास अनुसरून' इथपर्यंत हात भरभर चालतो, पुढे अडतो. त्यात हा विषय पाण्यातल्या सुरक्षिततेचा. त्या बाबतीत माझं शिक्षण एकूण तीन दिवसांचं, आणि त्यातला अर्धा दिवस उद्घाटनात गेला.

मी हे लिहितोय असं घरी सांगितलं तेव्हा मायने एकच अट घातली. "लेह्य, पन कोनाचं नाव नको लेहू." अट पाळली आहे. या लेखात नाव एकच आहे, आणि ती पत्र्याची आहे.

ती नाव बाबा चालवायचे. आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या काठावर आहे. पाणी भरलं की समोरचा काठ इतका जवळ दिसतो, की तिकडच्या माणसाने विडी पेटवली तरी इकडे कळतं. पण जुना रस्ता पाण्याखाली गेलेला. डांबरी रस्त्याने जायचं तर पूर्ण धरणाला वळसा आणि दोन गाड्या बदलायच्या. त्यामुळे श्रावणापासून फाल्गुनापर्यंत गाव नावेने जातं. बाजार, दवाखाना, साक्षगंधाचे पाहुणे, शेळ्या, मोटारसायकल, सगळं त्या एका पत्र्यात.

बाबा काही पिढीजात नाववाले नव्हेत. आमचं अर्धं शेत धरणात गेलं. मग मासेमारीवाल्यांनी टाकून दिलेली एक नाव बाबांनी आणली, भोकं डांबराने बुजवली आणि स्वतःच्याच शेतावरून लोकांची ने-आण सुरू केली. मधोमध आलं की ते नवीन सवारीला सांगायचे, "आता आपन माया तुरीत हाओ." आणि थोडं पुढे गेलं की, "हा बांध."

आता त्या शब्दाविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं.

आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढचा नारळसुद्धा वाढवायचा असतो. आमच्या गावाने या यादीत एक भर घातली आहे. नाव बुडत नाही, वाढते. 'बुडणे' हा शब्द बाबांच्या नावेत बंद होता. नुसता तोच नव्हे, त्याच्या भाऊबंदांनाही बंदी होती. सूर्यसुद्धा नावेत बुडायचा नाही, घरी जायचा. एखाद्या पोराने शाळा बुडवलेली असली तरी ते काठावरच सांगून टाकायचं.

एकदा एक पाहुणा समोरच्या गावाला कीर्तनाला निघाला होता. नाव बरीच आत गेल्यावर त्याने हातातला तांब्या उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "याचं बूड गळते वाटते."

बाबांनी वल्हं थांबवलं. कुणाशी न बोलता नाव वळवली, काठाला आणली, सगळ्यांना उतरवलं, पाण्याला हात जोडायला लावले आणि उजवा पाय आधी ठेवून पुन्हा बसवलं. पाहुणा ओशाळला. पुन्हा मधोमध आल्यावर त्याला राहवेना.

"माफ करजा बाप्पा," तो म्हणाला, "चुकून बूड म्हन्लो."

नाव पुन्हा काठाला आली. मंडळी पोचली तेव्हा कीर्तनात आरती चालू होती.

लोक हसायचे, पण पाळायचे. बाबांवर त्यांचा भरवसा होता. वारा किती, पाणी कुठून ओढतं, पाण्यातल्या बाभळी कुठे आहेत, हे बाबांना पाठ होतं. लोक म्हणायचे, नाववाला तर मासा आहे. आणि इथेच मी लहानपणापासून एक गोष्ट पोटात घेऊन फिरत होतो.

बाबांना पोहता येत नव्हतं.

मी सातवीत होतो. काठाजवळ बाबांच्या हातून वल्हं सटकलं आणि हळूहळू आत जायला लागलं. बाबा पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, आणि तिथे थांबले. वल्हं हातभर पुढे होतं. त्यांनी हात लांब केला, पण पाय हलला नाही. मी शर्ट काढून उडी मारली आणि वल्हं आणलं. मी विहिरीत पोहायला शिकलेला होतो. बाबा म्हणाले, "मी तुही परीक्षा पाहून राह्यलो होतो." मी हो म्हणालो. त्यानंतर आम्ही दोघं त्याविषयी कधी बोललो नाही. मात्र ते नाव घेऊन निघाले की समोरच्या काठाला लागेपर्यंत मी नजर काढायचो नाही. खामगावला कॉलेजात गेलो तेव्हा ते पाहणंही सुटलं. खोलीवर संध्याकाळी बाकीची पोरं क्रिकेट पाहायची, मी वाऱ्याचा अंदाज पाहायचो. त्यांना वाटायचं मी भूगोलाचा.

दुसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजात पुरातल्या बचावकार्याचं शिबिर झालं. मी यादीत पहिलं नाव दिलं. माझं आयुष्यात कुठेही पहिलं नाव लागण्याची तीच वेळ. गावाबाहेरच्या तलावावर नारळ वाढवला, म्हणजे इथे खरोखर नारळच, आणि पाहुण्यांचा फोटो निघाला. लाइफ जॅकेट जेवढी होती तेवढी सगळी पाहुण्यांनी घातली होती. त्या जागी पाणी घोट्याइतकं होतं. आम्ही शिबिरार्थी मागे, छातीभर पाण्यात, बिनजॅकेटचे, टाळ्या वाजवत उभे होतो.

पण शिकवणारे सर पक्के होते. त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. कुणी पाण्यात सापडलं तर आधी काठी पुढे करा. काठी पुरली नाही तर दोर फेका. दोर पुरला नाही तर नाव न्या. उडी सगळ्यात शेवटी. "आणि माझं ऐकाल तर मारूच नका," सर म्हणाले. "मग आम्हाला दोघं शोधावे लागतात." जॅकेटचे पट्टे आवळल्याशिवाय जॅकेट म्हणजे नुसती उशी. झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅनसुद्धा माणसाला वर धरतो. नावेच्या अंगावर रंगाची रेघ मारा, आणि नाव भरताना पाणी रेघेला लागलं की माणूस उतरवा, मग तो कुणाचा जावई का असेना.

शेवटच्या दिवशी मी सरांपाशी घुटमळत उभा राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "जॅकेट." त्यांच्याकडे सात जुनी जॅकेटं होती. रंग उडालेली, पण आतला फोम चांगला. त्यांनी एकेक पाण्यात टाकून, वर हाताने दाबून दाखवलं आणि मला देऊन टाकली.

दसऱ्याच्या सुटीत मी सातही जॅकेटं दोरीत ओवून एसटीत चढलो. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"काऊन बे, गाडी पान्यातून न्यायची हाय का आज?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मले बी दे रे एक. याच्या ब्रेकचा काई भरोसा नाई."

गावात जॅकेटांचं स्वागत जोरात झालं, इतकं की आठ दिवसांत एकही नावेत उरलं नाही. एक मोटारसायकलच्या सीटवर गेलं, कारण ते मऊ होतं. एक चुलीपुढे पाट म्हणून. दोन जॅकेटांच्या शिट्ट्या कबड्डीच्या पंचांनी काढून नेल्या. सगळ्यात चांगलं जॅकेट एका शेतकऱ्याने रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, भिववायला हरभऱ्यातल्या बुजगावण्याला घातलं. मी परत मागायला गेलो, तर तो म्हणाला, "पाह्य भाऊ, हे जाकीट घातल्यापासून वावरात एक रोही येत नाई. तुया बाप घालून बसला तं त्याले कोन भेनार हाय?"

दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा फिरून पाच जॅकेटं गोळा केली. नावेच्या दोन्ही बाजूंना तेलाचे रिकामे कॅन बांधले. जाड दोर ठेवला, पाणी उपसायला डबा ठेवला. बाहेरून पांढरी रेघ मारली. आतल्या बाजूला, संकटात फोन करायचा म्हणून तालुक्याच्या कचेरीचा नंबर रंगवला. फोन कोण करणार, तर काठावरचा किराणा दुकानदार, कारण काठाला रेंज फक्त त्याच्या ओट्यावर येते. हे सगळं लोकांना एकदा समजावून सांगायचं होतं. बाजाराच्या दिवशी, भरल्या नावेत.

"सांग," बाबा म्हणाले. "पन तो शब्द काढशीन तं तुलेच उतरवीन."

मी विचार केला, अर्थ कळल्याशी मतलब. इथे माझी चूक झाली. तेव्हा मला ती नम्रता वाटली.

मी उभा राहिलो. बाबा म्हणाले, "बस खाली, तूच म्हन्ला होता ना उभं राहू नाई." मी बसलो. लोक हसले. मी घसा साफ केला.

"समजा, नाव वाढली."

"समजलो," वांगी विकायला निघालेली एक आजी म्हणाली. "मंग?"

"घाबरायचं नाही. हातपाय झाडायचे नाहीत. पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाठीवर आडवं राहायचं."

"मेल्यावर तं सगळेच आडवे राह्यतेत, बापू."

"नाही आजी, मेल्याबिगर आडवं राहायचं. आणि हा कॅन छातीशी धरायचा."

"आन् माई वांगी कोनं धरायची?"

"वांगी सोडून द्यायची."

एवढ्यावर सगळी नाव गप्प झाली. तोपर्यंत मी जे बोललो ते त्यांना थट्टा वाटलं होतं. वांगी सोडून द्यायची म्हटल्यावर प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

दुकानदाराला मी वेगळं समजावलं. "नाव वाढली की हा नंबर लावायचा, आणि सांगायचं, आमच्या गावची नाव वाढली." त्याने कॅलेंडरवर लिहून ठेवलं. अक्षरशः तेच शब्द.

राहिले बाबा. सवारीला जॅकेट द्यायला ते तयार झाले. स्वतः घालायला नाही. सुटी संपायच्या आदल्या दिवशी दुपारी ते काठावर नावेला डांबर लावत होते. मी जॅकेट घेऊन गेलो.

"बाबा, तुमी बी घाला."

"काऊन?"

"वाढली तर?"

"एसटीचा ड्रायव्हर डोक्शात हेलमेट घालून बसला तं तू बसशीन का त्या गाडीत?"

मला बहुतेक वेळा उत्तर नंतर सुचतं, कधी कधी दुसऱ्या सत्रात. पण सकाळी मला जायचं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "पण तुमाले पोयता येत नाई ना."

इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. बाबांचा हात थांबला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"हळू बोल."

"कोनी नाई बाबा. म्हैसच हाय."

काठाच्या पाण्यात आमची म्हैस डोळे मिटून बसली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हशीले पोयता येते," ते म्हणाले. "तिच्यासमोर तं बिल्कुलच नको."

मी हसलो नाही. मला हसू आलं नाही. म्हणालो, "बाबा, मी तिकडे खामगावले असतो, पन मन इकडेच राह्यते. पुस्तकात पाह्यलं तरी पानीच दिसते."

बाबांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला, म्हणजे घातला, आणि डांबर लावत राहिले. जॅकेट मी घरी दाराआडच्या खुंटीवर टांगून ठेवलं, प्लास्टिकच्या पिशवीसकट. निघताना ते तिथेच होतं.

मग थंडी पडली. माय आठवड्यातून दोनदा फोन करायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, "तुया बाप आजकाल फुगून राह्यला."

"फुगून म्हणजे?"

"म्हंजे जाड. बाजारातून जुना कोट आनला होता ना, खाकी. त्याची गुंडी लागेना. लोकं म्हन्तेत, नाववाल्याले नाव मानवली."

मी घाबरलो. बाबा आयुष्यभर वल्ह्यासारखे वाळलेले. माझ्या खोलीवर औषधशास्त्र शिकणारा एक मित्र होता. त्याने विचारलं, सूज आहे का? चेहऱ्यावर की पायावर? मी मायला विचारलं. ती म्हणाली, "छातीवर." मित्राने पुस्तक उघडलं आणि मला मूत्रपिंडापासून हृदयापर्यंत सगळं वाचून दाखवलं. मी मायला म्हणालो, त्यांना ताबडतोब डॉक्टरकडे ने. ती फोनमध्ये खूप वेळ हसली.

"डाक्टर काय करन? शिंप्याकडे न्या लागन."

मला तिचा राग आला. नवरा सुजतोय आणि ही हसतेय. शिकलेल्या माणसाला आपली माणसं अडाणी वाटायला किती कमी शिक्षण पुरतं, हे तेव्हा कळलं नाही.

तो दिवस बाजाराचा होता. मी दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो होतो. फोन थरथरला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुकानदाराचा निरोप होता. 'आपल्या गावची नाव वाढली.'

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. ग्रंथपाल मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. तेवढ्यात त्या निरोपाखाली दुसरा आला. गावचाच, पण पुण्याला कंपनीत असलेला एक जण. त्याने टाळ्या वाजवणारे सहा हात टाकले होते. त्याच्याखाली एकाने लिहिलं, 'अभिनंदन! किती झाल्या आता?' आणखी एकाने फुलांचा गुच्छ टाकला. सुरतला असलेल्याने लिहिलं, 'अशीच प्रगती होत राहो.'

मी दुकानदाराला फोन लावला. लागेना. मायला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाबांकडे फोनच नव्हता. पिशवी न घेता स्टँडवर पळालो आणि आमच्या बाजूची जी गाडी उभी होती तीत बसलो.

गाडी निघाल्यावर दुकानदाराचाच फोन आला. तो रडवेला झाला होता.

"कचेरीत फोन लावला रे भाऊ. तू सांगतला तसाच. म्हन्लं, आमच्या गावची नाव वाढली. थो सायेब म्हन्ला, बरं झालं. किती झाल्या? म्हन्लं, एकच होती. थो म्हन्ला, मंग वाढली कशी? म्हन्लं, वाढली म्हंजे आता नाई. थो म्हन्ला, नीट ठरवा, वाढली का कमी झाली? मले तं घाम फुटला. कॅलेंडरवर तं तेच लेहेल हाय!"

"मग?"

"मंग मी वरडलो, बुडाली सायेब, बुडाली! तवा त्याले समजलं. गाडी निंगाली म्हन्ते तिकडून."

त्या फोनवरच्या माणसाची काही चूक नव्हती. त्याला मराठी येत होतं. आमचं मराठी त्याला येत नव्हतं, आणि ते फोनवर बोलायला मी शिकवलं होतं.

"लोक?" मी विचारलं.

"लोकं निंगाले बाहेर. बाजाराची भरेल नाव होती. एक बोकड उडाला पान्यात, त्याले धराले सगळे एकाच बाजूले वाकले. रेघ गेली, नाव बी गेली. काठावरून आम्ही काठ्या देल्ल्या, दोर फेकले. उडी कोनीच नाई मारली, तू सांगतलं होतं ना. वांगेवाली बुढी तं कॅन छातीले धरून आडवी पडून आली, मस्त. म्हन्ते, मेल्याबिगर आडवी झाली. बोकड सगळ्याच्या पयले आला."

"आणि बाबा?"

पलीकडे दुकानदाराने आधी कुणाला तरी 'दिसून राह्यले का?' म्हणून हाक मारली.

"तुया बाप मांगं राह्यला. तीन जनं पट्टे न आवळता बसले होते, त्यायचे जाकीट डोक्शावरून निंगून गेले. त्यायच्या मांगं गेला थो. वारा लय होता. पाह्यलं तवा त्या बाभळीच्या पलीकडे गेले होते चौघं बी. मासेमारीवाल्यायच्या थर्माकोलच्या तराफ्यावर दोघं जनं गेलेत पाह्याले. तू चिंता नको करू. थो तं मासा हाय."

एवढं बोलून तो पाहायला गेला.

मासा. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती. लोक कापूस वेचत होते, कुणी कुणाला हाक मारत होतं, आणि मला वाटत होतं की आत्ता गाडी थांबवून त्या सगळ्यांना सांगावं. सातवीत मी 'हो' म्हणालो नसतो, तर? गावाला एकदाच सांगून टाकलं असतं, की माझ्या बापाला पोहता येत नाही, त्याला जॅकेटशिवाय नावेवर चढू देऊ नका, तर? थोडे दिवस लोक हसले असते. आमच्या गावात लोक कशालाही हसतात, आणि कशालाही सरावतात.

शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "काय झालं बाबू? कापून राह्यला तू."

"आमच्या गावची नाव वाढली," मी म्हणालो.

"वा," ते म्हणाले. "चांगलं झालं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा भला होता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

"बुडाली," मी म्हणालो. "काका, नाव बुडाली. माझे बाबा तिच्यात होते. त्यांना पोहता येत नाही."

तो शब्द मी आमच्या नावेसाठी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. उच्चारताक्षणी वाटलं, आता संपलं, आपणच बोलून घडवलं. शिबिराचं प्रमाणपत्र, तीन दिवसांची वही, काही उपयोग झाला नाही. मी मनातल्या मनात नाव काठाला आणली, सगळ्यांना उतरवलं, पाण्याला हात जोडले आणि उजवा पाय आधी ठेवून पुन्हा बसवलं. गाडी बदलायचं डोणगाव येईपर्यंत मी तेच करत होतो. काकांनी माझा हात धरून ठेवला होता.

डोणगावच्या स्टँडवर उतरलो आणि फोनवर मायचं नाव दिसलं. मी उचलला.

"कोठी हायेस तू?" ती कुजबुजत बोलत होती.

"डोणगावले. माय, बाबा?"

"हायेत. घरीच हायेत. हळू बोल. दार लावून बोलून राह्यली मी. अंगनात सगळं गाव बसेल हाय."

मी स्टँडच्या ओट्यावर बसलो. काका खिडकीतून पाहत होते. मी हात हलवला. त्यांना कळलं. गाडी सुटली.

"माय, कसे आले?"

"जुन्या गावठानाचा पार नाई का, पान्यातून वर निंगते थो? तिथं लागले. तिघं बी त्यायलेच लटकून होते. एकानं कॉलर धरेल, एकानं हात, एकानं पाय. थर्माकोलवाल्यायनं तिथून आनलं. आता सगळे बाहेर बसून म्हनून राह्यले, असा पोयनारा जिल्ह्यात नाई. आंगात कोट, आन् आंगावर तीन मानसं! पोट्टे तं म्हन्तेत, पुढच्या उन्हाळ्यात आमाले शिकवा."

"पण माय, त्यांना तर..."

"चूप बैस. मले काय माहीत नाई का? तुया जन्माच्या आंधीपासून माहीत हाय. लग्नात नदीवर नवरा-नवरीले नेलं, तं हा मानूस तांब्यानं आंग धुऊन आला." ती थांबली. मग आणखी हळू आवाजात म्हणाली, "मानसं म्हनत होते, ओला कोट काढा, सर्दी होईन. यायनं हात नाई लावू देल्ला कोनाले. घरात आले, दार लावलं, मंग गुंड्या सोडल्या. अंदर तुय थे नारंगी जाकीट. चारी पट्टे आवळेल, शिट्टी बी जाग्यावर. तू खामगावले गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घालून राह्यले. कोटाची शिवन कोनं उसवली वाटते तुले?"

स्टँडवर कुणीतरी शेंगदाणे विकत होतं.

"आयकतं ना?" माय म्हणाली. मागून बाबांचा आवाज आला, बसका, दात वाजत असलेला. माय त्यांना काहीतरी विचारत होती. मग पुन्हा फोनवर आली.

"थे म्हनून राह्यले, पोट्ट्याले सांग, म्हशीले सांगजो नको." तिचा आवाज गोंधळलेला होता. "कोनती म्हैस रे?"